एचआयव्हीबाधितांमधील सुप्त क्षयसंसर्ग : चाचणीचा अर्थ आणि तिच्या मर्यादा

राजयक्ष्मा हा विषय आयुर्वेदीय चिकित्सकांना नवा नाही. चरकाचार्यांनी निदानस्थानात शोषाची साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन ही चार आयतने सांगितली आहेत. सुश्रुताचार्यांनी कुष्ठ, ज्वर व नेत्राभिष्यंद यांच्यासोबत शोषाची गणना एकापासून दुसऱ्याकडे संक्रमित होणाऱ्या विकारांत केली आहे. कास, ज्वर, अंसपार्श्वाभिताप, भारक्षय या लक्षणांनी व्यक्त झालेला क्षय आपल्यापैकी बहुतेकांच्या नजरेतून सहसा सुटत नाही. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय व्यक्त क्षय नसून शरीरात दडून राहिलेला, लक्षणरहित असा सुप्त क्षयसंसर्ग हा आहे. त्यातही एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींमध्ये हा संसर्ग शोधण्याच्या ज्या चाचण्या प्रचारात आहेत, त्यांचा अर्थ कसा लावावा याविषयी वैद्यवर्गात बराच गोंधळ आढळतो. हा गोंधळ एकेकाळी माझ्याही मनात होता आणि त्याची किंमत माझ्या एका रुग्णाला मोजावी लागली. म्हणून प्रारंभी तो प्रसंग सांगतो. रुग्णाची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

सन २०११ मधील गोष्ट. शिवणकामाचा व्यवसाय करणारे चौतीस वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसह माझ्या चिकित्सालयात आले. एचआयव्हीचे निदान झालेले होते. एआरटी केंद्रात नाव नोंदविले होते, मात्र औषधे अद्याप सुरू व्हावयाची होती. पंधरा दिवसांपासून सायंकाळी अंगात कणकण वाटे, वजन चार किलोने घटले होते. ‘शक्ती येईल असे काही रसायन द्या’ अशी त्यांची मागणी होती. सोबत एका खासगी प्रयोगशाळेचा मॅन्टू चाचणीचा अहवाल होता आणि त्यावर ‘० मिलिमीटर, नकारात्मक’ असे लिहिले होते. तो अहवाल पाहून मी त्यांना सांगितले, ‘‘क्षय नाही, निर्धास्त राहा.’’ ज्वर व कार्श्य हे मूळ व्याधीचेच लक्षण समजून मी दहा आठवडे उपचार केले. अकराव्या आठवड्यात मानेतील गाठी सुजल्या, असह्य शिरःशूल व भ्रम सुरू झाला आणि त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल करावे लागले. निदान झाले लसग्रंथी व मस्तिष्कावरणाच्या क्षयाचे. प्राण वाचले, परंतु दृष्टी कायमची अधू झाली. सुईत दोरा ओवणे ज्याचे रोजचे काम, तो माणूस पुन्हा शिवणयंत्रावर बसू शकला नाही.

नंतर मी त्यांची कागदपत्रे पुन्हा चाळली. सीडी-४ पेशींची संख्या ८४ असल्याचा अहवाल त्याच धारिकेत, मॅन्टूच्या अहवालाच्या मागच्याच पानावर होता. तो मी पाहिलाच नव्हता. पाहिला असता तरी त्या दोन कागदांचा परस्परसंबंध मला त्या काळी उमगला असता की नाही, याची मला आज खात्री देता येत नाही. तो संबंध स्पष्ट करणे हाच या लेखाचा हेतू आहे.

सुप्त संसर्ग म्हणजे काय?

क्षयजंतू श्वासावाटे फुफ्फुसात शिरल्यानंतर प्रत्येकालाच क्षयरोग होतो असे नाही. बहुसंख्य व्यक्तींमध्ये शरीराची प्रतिकारव्यवस्था जंतूंभोवती पेशींचा वेढा घालते व त्यांना तेथेच रोखून धरते. जंतू मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. अशा व्यक्तीला खोकला, ज्वर यांपैकी काहीही नसते, क्ष-किरण चित्रात क्रियाशील विकृती दिसत नाही आणि तिच्यापासून इतरांना संसर्गही होत नाही. हाच सुप्त क्षयसंसर्ग. सन २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग प्रसार सर्वेक्षणात आपल्या देशात १५ वर्षांवरील लोकसंख्येपैकी सुमारे ३१ टक्के व्यक्तींमध्ये असा संसर्ग आढळला. अर्थात आपल्या प्रतीक्षागृहात बसलेल्या दर तीन व्यक्तींपैकी जवळजवळ एका व्यक्तीच्या शरीरात हा निखारा राखेखाली असण्याचा संभव आहे.

षट्क्रियाकालाच्या परिभाषेत विचार करावयाचा झाल्यास, ही स्थिती दोष लीन असून व्यक्ती अवस्थेस न पोहोचल्यासारखी आहे. ही तुलना केवळ समजुतीसाठी आहे. क्षयजंतू आणि दोष या एकच गोष्टी नव्हेत, हे ध्यानात ठेवूनच ती घ्यावी. मात्र एक तत्त्व दोन्हीकडे समान आहे. व्यक्ती अवस्थेपूर्वी हस्तक्षेप केल्यास अल्प उपचाराने मोठा अनर्थ टळतो.

प्रतिकारशक्ती सुस्थित असलेल्या संसर्गित व्यक्तीस संपूर्ण आयुष्यात प्रत्यक्ष क्षयरोग होण्याची शक्यता साधारणतः ५ ते १० टक्के मानली जाते. एआरटी न घेणाऱ्या एचआयव्हीबाधित व्यक्तीत जवळजवळ तेवढाच धोका दरवर्षी संभवतो. याचे कारण उघड आहे. जंतूंभोवतीचा वेढा ज्या पेशी टिकवून धरतात, त्यांत सीडी-४ लसिकापेशी प्रमुख होत आणि एचआयव्ही विषाणू नेमका त्यांचाच नाश करतो. पहारेकरीच नाहीसे झाले, तर तुरुंगाच्या भिंती किती काळ टिकणार? एआरटीमुळे हा धोका पुष्कळ घटतो, पण तो सर्वसामान्य व्यक्तीइतका खाली येत नाही.

मॅन्टू चाचणी

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयजंतूचा शोध जाहीर केला आणि १८९० मध्ये ट्यूबरक्युलिन हे क्षयावरील औषध म्हणून पुढे आणले. औषध म्हणून ते अयशस्वी ठरले, परंतु निदानसाधन म्हणून टिकले. व्हिएन्नाचे पिर्के यांनी १९०७ मध्ये त्याचा त्वचेवर उपयोग केला व पाठोपाठ फ्रान्सचे शार्ल मॅन्टू यांनी ते त्वचेच्या आत टोचण्याची पद्धत रूढ केली. आज वापरले जाणारे पीपीडी हे त्याच द्रव्याचे शुद्ध रूप होय.

अग्रबाहूच्या आतील बाजूस ०.१ मिलिलिटर द्रावण त्वचेच्या स्तरातच टोचावयाचे असते. टोचताच ६ ते १० मिलिमीटरचा फिकट फुगवटा दिसला पाहिजे. तो न दिसल्यास सुई खोल गेली असे समजावे. ४८ ते ७२ तासांनंतर निष्कर्ष वाचतात. वाचन लालीचे करावयाचे नसून बोटाने चाचपून जाणवणाऱ्या कठीण उठावाचे करावयाचे असते, तेही अग्रबाहूच्या आडव्या दिशेने. अनेक अहवालांत लालीच मोजलेली आढळते, तर काहींत टोचलेल्या द्रव्याची मात्राही लिहिलेली नसते. मात्रा अधिक असेल तर निष्कर्षाचा अर्थच बदलतो. म्हणून अहवालावर मात्रा, वाचनाची वेळ आणि मिलिमीटर या तीनही गोष्टी आहेत काय हे पाहावे. नुसते ‘पॉझिटिव्ह’ वा ‘निगेटिव्ह’ लिहिलेला अहवाल अपुरा समजावा.

सर्वसामान्य प्रौढांत १० मिलिमीटर वा त्याहून अधिक उठाव सकारात्मक मानतात. एचआयव्हीबाधितांत हीच सीमा ५ मिलिमीटर आहे. ही सीमा खाली आणण्यामागे कारण आहे. दुर्बल प्रतिकारशक्ती जोरकस प्रतिक्रिया देऊ शकत नाही, म्हणून तिची क्षीण प्रतिक्रियाही अर्थपूर्ण मानावी लागते.

या चाचणीचा दुसरा दोष असा की पीपीडीमधील अनेक प्रथिने बीसीजी लसीतील जंतूंत व पर्यावरणातील अन्य मायकोबॅक्टेरियांतही असतात. त्यामुळे क्षयसंसर्ग नसतानाही उठाव येऊ शकतो. जन्मतः दिलेल्या बीसीजीचा हा परिणाम वयानुसार बराच ओसरतो, हेही येथे नमूद करावयास हवे.

इग्रा आणि साय-टीबी

या दोषावर उपाय म्हणून इग्रा प्रकारच्या रक्तचाचण्या आल्या. क्षयजंतूत असणारी, पण बीसीजीत नसणारी इसॅट-६ व सीएफपी-१० ही दोन प्रथिने रुग्णाच्या रक्तात मिसळतात आणि रक्तातील लसिकापेशी गॅमा इंटरफेरॉन हे द्रव्य किती स्रवतात हे मोजतात. क्वांटिफेरॉन व टी-स्पॉट ही त्यांची प्रचलित नावे. रुग्णास पुन्हा यावे लागत नाही हा लाभ आहे. परंतु खर्च अधिक, सुसज्ज प्रयोगशाळेची गरज आणि रक्त ठरावीक वेळेत योग्य तापमानास ठेवण्याचे बंधन या तिच्या अडचणी आहेत.

क्वांटिफेरॉनच्या चाचणीत एक नळी मुद्दाम अशी ठेवलेली असते की तीत कोणाही निरोगी माणसाच्या पेशी जोरदार प्रतिक्रिया देतील. तिला मायटोजेन नळी म्हणतात. त्या नळीतही प्रतिक्रिया आली नाही, तर प्रयोगशाळा ‘अनिर्णित’ असा अहवाल देते. सीडी-४ संख्या फार घटलेल्या रुग्णांत असा अहवाल अधिक वेळा येतो. ‘अनिर्णित’ म्हणजे ‘नकारात्मक’ नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की प्रश्न विचारला गेला, पण उत्तर देण्याची शक्ती पेशींत नव्हती.

तिसरी चाचणी साय-टीबी. ती करावयाची मॅन्टूप्रमाणेच त्वचेत, परंतु तीत वापरलेली प्रथिने इग्रामधील वरील दोनच असल्याने बीसीजीमुळे गोंधळ होत नाही. तिची सकारात्मक सीमा सर्वांसाठी ५ मिलिमीटर आहे. तिच्या निर्मितीशी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट संबंधित असून भारतात २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही या प्रकारच्या चाचण्यांची शिफारस केली.

मुख्य मुद्दा : चाचणी जंतू पाहत नाही

आता या लेखाच्या गाभ्याशी येऊ. वरील तीनही चाचण्या क्षयजंतू शोधत नाहीत. जंतूशी पूर्वी ओळख झालेल्या पेशी आजही ती ओळख दाखवितात काय, एवढेच त्या तपासतात. दुसऱ्या शब्दांत, त्या चोराला पाहत नाहीत, तर पहारेकऱ्याला विचारतात की ‘तू चोर पाहिलास काय?’ पहारेकरी जागा असेल तर त्याच्या ‘नाही’ला अर्थ आहे. तो मूर्च्छित पडला असेल तर त्याच्या मौनाला अर्थ नाही.

माझ्या रुग्णाची मॅन्टू शून्य मिलिमीटर होती ती क्षय नव्हता म्हणून नव्हे, तर ८४ सीडी-४ पेशींनिशी प्रतिक्रिया देण्याचे बळ शरीरात उरले नव्हते म्हणून. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर ओजक्षय झालेल्या शरीराकडून आपण व्याधिक्षमत्वाची साक्ष मागत होतो.

यावरून व्यवहारात तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, नकारात्मक चाचणीने एचआयव्हीबाधितात सुप्त संसर्ग नाही असे सिद्ध होत नाही. प्रत्यक्ष क्षयरोग नाही असे तर मुळीच सिद्ध होत नाही. एआरटीने प्रतिकारशक्ती सुधारल्यानंतर तीच चाचणी सकारात्मक येऊ शकते.

दुसरी, सकारात्मक चाचणीने संसर्ग आहे एवढेच कळते. तो सुप्त आहे की रोग प्रत्यक्ष सुरू झाला आहे, हा भेद यांपैकी कोणतीही चाचणी करू शकत नाही. केवळ मॅन्टू वा इग्रा सकारात्मक आली म्हणून क्षयरोगाचे निदान करणे ही नकारात्मक अहवालावर विसंबण्याइतकीच गंभीर चूक आहे.

तिसरी, रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयाचे निदान करणारे जे संच पूर्वी सर्रास वापरले जात, त्यांचा वरील चाचण्यांशी संबंध नाही. त्या संचांची निर्मिती, विक्री व वापर यांवर भारत सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली आहे. कोणी असा जुना अहवाल घेऊन आल्यास त्यावर निर्णय करू नये.

मग चाचणी करावी की नाही?

प्रतिबंधक उपचार सुरू करण्यासाठी एचआयव्हीबाधितांत ही चाचणी आवश्यक नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व आपल्या राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचीही भूमिका आहे. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार क्षयरोग नसल्याची खातरजमा केल्यानंतर प्रौढ एचआयव्हीबाधितास चाचणीविनाच प्रतिबंधक औषधे देता येतात. उपलब्ध असेल तेथे चाचणी करण्यास हरकत नाही. परंतु चाचणी नाही म्हणून किंवा ती नकारात्मक आली म्हणून उपचार अडवून ठेवू नयेत.

या भूमिकेस आधार आहे. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत एआरटी घेणाऱ्या रुग्णांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयसोनियाझिडमुळे क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी घटले. हा लाभ केवळ चाचणी सकारात्मक असलेल्यांपुरता मर्यादित असल्याचे दिसले नाही. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट येथील टेम्प्रानो या अभ्यासात सहा महिन्यांच्या आयसोनियाझिडने दीर्घकालीन पाठपुराव्यात मृत्यूचे प्रमाणही घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एआरटी न घेणाऱ्यांवरील जुन्या अभ्यासांत मात्र मॅन्टू सकारात्मक असलेल्यांनाच सर्वाधिक लाभ झाला होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चाचणीचा उपयोग नाही असे यातून निघत नाही. तिच्या नकारावर रुग्णाचा प्राण टांगून ठेवू नये, एवढेच निघते.

चार प्रश्न

चाचणीपेक्षा मोलाचे साधन आपल्यापाशी विनामूल्य आहे, ते म्हणजे प्रश्नपरीक्षा. प्रत्येक एचआयव्हीबाधित प्रौढास प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारावेत.

१. सध्या खोकला आहे काय?
२. ज्वर येतो काय?
३. वजन घटले आहे काय?
४. रात्री घाम येतो काय?

इतरांमध्ये दोन आठवड्यांहून अधिक काळाचा खोकला संशयास्पद मानला जातो. एचआयव्हीबाधितांत हे कालबंधन नाही. दोन दिवसांचा खोकला असला तरी तो मोजावा. बालकांमध्ये वजन न वाढणे आणि घरात क्षयरुग्ण असणे या दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात.

चारही उत्तरे ‘नाही’ असतील, तर प्रत्यक्ष क्षयरोग असण्याची शक्यता फार अल्प असते व रुग्णास प्रतिबंधक उपचारासाठी पाठविता येते. मात्र नियमित एआरटी घेणाऱ्यांत लक्षणे मंद असल्याने केवळ प्रश्नांनी काही रुग्ण निसटतात. तेथे छातीचे क्ष-किरण चित्र जोडल्यास परीक्षा अधिक विश्वसनीय होते. एकही उत्तर ‘होय’ आल्यास त्या व्यक्तीस सुप्त संसर्गाच्या चाचणीकडे नव्हे, तर क्षयरोगाच्या तपासणीकडे पाठवावे. बेडक्याची सीबीनॅट अथवा ट्रूनॅट तपासणी शासकीय केंद्रांत विनामूल्य होते. यांपैकी ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातील कंपनीने विकसित केलेले आहे. फुफ्फुसेतर क्षयात गाठीतील वा अन्य ठिकाणच्या स्रावाचीही तपासणी करता येते.

माझ्या रुग्णाची चारपैकी दोन उत्तरे ‘होय’ होती. ज्वर होता, वजन घटले होते. मी ती लक्षणे ऐकली, लिहून घेतली, आणि एका कागदावरील शून्यास त्यांहून अधिक प्रमाण मानले.

प्रतिबंधक उपचार आणि आपली औषधे

प्रतिबंधासाठी सहा महिने रोज आयसोनियाझिड किंवा तीन महिने आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड व रिफापेन्टीन, म्हणजे एकूण १२ मात्रा, हे दोन प्रमुख क्रम आपल्याकडे आहेत. ही औषधे एआरटी केंद्राच्या देखरेखीखाली द्यावयाची असतात. आपण ती स्वतः लिहून देऊ नयेत. प्रत्यक्ष क्षयरोग दडलेला असताना एकट्या आयसोनियाझिडचा मारा झाला, तर त्या औषधास न जुमानणारे जंतू माजतात. सक्रिय यकृतशोथ, नित्य व अतिरेकी मद्यपान आणि हातापायांतील नाडीशोथाची लक्षणे असल्यास हा उपचार देत नाहीत. हातापायांस मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत पायरिडॉक्सिन देतात.

आपला संबंध येतो तो सहसेवनाच्या प्रश्नात. हे रुग्ण आपल्याकडे रसायन, दीपन-पाचन वा अम्लपित्ताच्या औषधांसाठी येतात. तेथे पुढील खबरदारी घ्यावी.

एआरटीतील डोलुटेग्रॅविर हे औषध कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, जस्त व अ‍ॅल्युमिनियम यांच्याशी बद्ध होते व त्याचे शोषण घटते. म्हणून ते आम्लनाशक औषधांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घेण्याचा निर्देश आहे. शंख, कपर्दिक, प्रवाळ, मुक्ताशुक्ती ही आपली भस्मे कॅल्शियमप्रधान आहेत. लोहभस्म व मंडूर ही लोहाची, तर यशदभस्म हे जस्ताचे. घटक तोच असल्याने हेच अंतर येथेही पाळणे इष्ट. अ‍ॅल्युमिनियमयुक्त आम्लनाशकांमुळे आयसोनियाझिडचेही शोषण घटते.

रिफापेन्टीन यकृतातील विकरांना उत्तेजित करून अनेक औषधांची रक्तातील पातळी खाली आणते. प्रोटिएज इनहिबिटर गटातील एआरटी सुरू असताना ते देत नाहीत. म्हणून रुग्णाच्या सर्व औषधांची यादी, आपल्या औषधांसह, एआरटी केंद्रास कळविणे हे आपले कर्तव्य आहे.

आयसोनियाझिडने यकृतास अपाय होऊ शकतो. अरुची, उत्क्लेश, छर्दी, उदराच्या उजव्या बाजूस वेदना वा मूत्र गडद होणे यांपैकी काहीही दिसल्यास ‘पित्त वाढले’ म्हणून वेळ दवडू नये. औषध थांबवून रुग्णास त्याच दिवशी केंद्रात पाठवावे. येथे गुडूचीचा उल्लेख करणे भाग आहे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतविकार झालेल्या काही रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला व आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. त्या वादात न शिरताही एक व्यावहारिक नियम सांगता येतो. प्रतिबंधक उपचार सुरू असताना नवे कोणतेही औषध, मग ते गुडूची असो वा अन्य काही, त्याच महिन्यात आरंभू नये. दोन औषधे एकत्र सुरू झाली आणि कामला झाली, तर दोषी कोण हे ठरत नाही व रुग्णाचा आवश्यक उपचार विनाकारण बंद पडतो.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

क्षयविरोधी औषधे अनुसूची एच-१ मध्ये मोडतात. १ मार्च २०१४ पासून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे व ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. त्यामुळे चिठ्ठीवाचून आयसोनियाझिडची एकही पट्टी देऊ नये. क्षयरोग हा २०१२ पासून अधिसूचित आजार असून मार्च २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेत्यांवरही कळविण्याची जबाबदारी आली आहे. एकच गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा खोकल्याचे पातळ औषध वा लेव्होफ्लॉक्सॅसिन मागत असेल, तर त्यास थांबवून तपासणीचा सल्ला द्यावा. लेव्होफ्लॉक्सॅसिनने क्षयाची लक्षणे तात्पुरती दबतात व निदान लांबते. क्षयरोगविषयक माहितीसाठी १८००-११-६६६६ आणि एचआयव्हीविषयक माहितीसाठी १०९७ हे विनामूल्य क्रमांक काउंटरवर लावून ठेवावेत.

गोपनीयतेविषयी दोन शब्द. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रुग्णाच्या संमतीवाचून त्याची एचआयव्ही स्थिती उघड करणे हा कायद्याचा भंग आहे. संदर्भपत्र बंद पाकिटात द्यावे. वरील चार प्रश्न इतर रुग्णांसमोर, मोठ्याने विचारू नयेत. विश्वास गमावला की रुग्णही गमावतो, आणि तो पुन्हा येतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

सारांश

१. मॅन्टू, इग्रा व साय-टीबी या चाचण्या जंतू नव्हे, तर शरीराची प्रतिक्रिया मोजतात.
२. एचआयव्हीबाधितांत नकारात्मक वा अनिर्णित अहवालाने संसर्ग अथवा रोग नाकारता येत नाही. अहवाल नेहमी सीडी-४ संख्येसह वाचावा.
३. सकारात्मक अहवाल हे क्षयरोगाचे निदान नव्हे.
४. चार प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावेत. एकही उत्तर ‘होय’ असल्यास क्षयरोगाची तपासणी करवावी.
५. चारही उत्तरे ‘नाही’ असल्यास चाचणीची वाट न पाहता प्रतिबंधक उपचारासाठी एआरटी केंद्राकडे पाठवावे.
६. आपण देत असलेली भस्मे व अन्य औषधे केंद्रास कळवावीत.

ते गृहस्थ आजही आहेत. एआरटी नियमित आहे, प्रकृती बरी आहे. दुकान आता त्यांची पत्नी चालविते आणि ते शेजारी बसून गिऱ्हाइकांची मापे बोटांनी चाचपून घेतात. अधूनमधून दोघेही माझ्याकडे येतात. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. परंतु तेव्हापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली ते चार प्रश्न लिहिलेला एक कागद आहे. वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या टेबलावर तसाच एक कागद ठेवावा, एवढीच या लेखाच्या अखेरीस नम्र विनंती.